माफीचं बटण

माझ्या आजवरच्या मरणांचा हिशोब मांडला तर त्यात शत्रूचा वाटा फारच किरकोळ निघेल. बहुतेक वेळा मला माझ्या सख्ख्या पुतण्यानं मारलंय. कधी हातबॉम्ब टाकून, कधी पेटती बाटली फेकून, आणि दर वेळी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला असताना. मारून झाल्यावर तो मान वर न करता म्हणतो, "काका, काकूला चहा सांगा की." आणि मी सांगतो.

गेमचं नाव बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. पोरं त्याला बीजीएमआय म्हणतात, पोरांच्या आया अजून 'ते मेलं पब्जी' म्हणतात. माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. विमानातून शंभरेक माणसं एका बेटावर उड्या मारतात, पडकी घरं धुंडाळून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करतात आणि एकमेकांना टिपतात. खेळायचं रिंगण, पोरांच्या भाषेत झोन, हळूहळू आक्रसत जातं, त्याच्या बाहेर राहील तो आपोआप खलास होतो. शेवटी उरलेल्या टोळीला कोंबडीचं जेवण मिळाल्याचं जाहीर होतं. मिळत काही नाही. तरीही श्रावणात ती घोषणा मोठ्यानं वाचायला आमच्या घरी बंदी आहे.

टोळी चौघांची असते. तिला स्क्वॉड म्हणतात. आमच्या गल्लीतल्या स्क्वॉडमधला चौथा पोरगा गोव्याला वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागला आणि जागा रिकामी झाली. त्याच सुमारास मुलीला घरी बसून ऑफिसचं काम करता यावं म्हणून आमच्याकडे वायफाय घेतलं होतं. बेळगुंदी म्हणजे बेळगावच्या पश्चिमेचं, राकसकोप धरणाच्या बाजूचं गाव. पावसाळ्यात इथं मोबाईलची रेंज आणि ऊन सारखंच दिसतं. रताळ्याचे वेल लावून झाले, भाताची रोपं लावून झाली की संध्याकाळी माणसानं करायचं काय, हा प्रश्न असतोच. पोरांना वायफाय हवं होतं आणि वायफायबरोबर मी येत होतो. माझी निवड अशी गुणवत्तेवर झाली.

या गेमनं आमच्या पोरांना काय काय दाखवलंय. २०१८ साली ती आली, घराघरांत घुसली. २०२० च्या जूनमध्ये गलवानला चीनशी झटापट झाली आणि २ सप्टेंबरला केंद्र सरकारनं एका दमात ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात ही गेम गेली. आम्ही मुळात सीमाभागातली माणसं. १९५६ पासून एक सीमा आमच्या उरावर बसलेली आहे, तिची सवय झाली. पण लडाखच्या सीमेवर भांडण व्हावं आणि बेळगुंदीत आमच्या पुतण्यानं दोन दिवस जेवू नये, हा सीमेचा दुहेरी त्रास फक्त आम्हीच सोसला. २०२१ च्या जुलैत ती नवं नाव घेऊन परत आली. २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा हजर. माहेरी गेलेली भांडखोर सून परत यावी तसं पोरांनी दर वेळी तिचं स्वागत केलं.

नव्या नावानं आली ती मात्र सभ्य होऊन आली. आता रक्त हिरवं उडतं, आणि 'किल' म्हणायचं नाही, 'फिनिश' म्हणायचं. म्हणजे कागदोपत्री या बेटावर कुणी कुणाला मारतच नाही. आणखी एक गोष्ट पोरांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली. "काका, तुम्ही बिनधास्त गोळ्या मारा ओ. आपल्यातल्या कुणाला लागली तरी काय होत नाही." बंदुकीची गोळी आपल्या माणसाच्या आरपार जाते आणि तो तसाच पळत राहतो. हातबॉम्ब आणि पेटत्या बाटलीला मात्र नातीगोती कळत नाहीत. ही शेवटची गोष्ट पोरांनी मला सांगितली नाही. ती मला हेल्मेटपायी कळली.

झालं असं की एका पडक्या घराच्या माडीवर मला लेव्हल थ्रीचं हेल्मेट सापडलं. ही चीज दुर्मिळ. बंदुकीची एखादी गोळी थेट डोक्यात बसली तरी बहुधा जीव वाचतो. पुतण्याचे डोळे चमकले.

"काका, टाका की ते खाली. तुम्हाला कशाला?"

"मला डोकं नाही?"

"तसं नाही ओ. तुम्ही लढतच नाही. मागंच असता."

"मागं असणाऱ्यालाच जास्त धोका असतो," मी म्हणालो. हे मी आयुष्यभर सहकारी सोसायटीच्या सभांना बसून शिकलोय.

त्यानं वाद घातला नाही. क्षणभरानं माझ्या पायाशी काहीतरी टण्णकन वाजलं आणि मी गुडघ्यावर आलो. याला नॉक होणं म्हणतात. माणूस मेलेला नसतो, रांगत असतो, आणि त्याचा जीव थेंबाथेंबानं गळत असतो. अशा वेळी जोडीदारानं शेजारी बसून काही सेकंदांत त्याला उठवायचं असतं. पुतण्या बसला. माझ्या शेजारी नव्हे, भिंतीआड. माझा जीव गळून संपायची वाट बघत. मग माझ्या जागी जी पेटी उरली तिच्यातून त्यानं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं आणि म्हणाला, "मी मुद्दाम टाकलो नाही ओ काका. बोट लागलं."

आत्तापर्यंत तो शांत होता. पण मिनिटभरात त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, काकाची आठवण झाली असावी. तर ते नव्हतं. या गेममध्ये प्रत्येकाच्या नावावर मेरिट म्हणून एक आकडा असतो, जास्तीत जास्त १००. आपल्याच माणसाचा जीव घेतला, खेळ अर्धवट टाकून पळालं, की तो घसरतो. फार घसरला की चांगली माणसं तुमच्याबरोबर खेळायला मिळत नाहीत. पुतण्याला शंभरपैकी शंभर हा आकडा आयुष्यात पहिल्यांदा इथंच मिळाला होता. शाळेनं त्याला कधी तसली वागणूक दिली नाही. त्यामुळे तो आकडा घसरलेला बघून त्याला खरंच वाईट वाटलं. "काका, तेवढं रिपोर्ट करू नका ओ," म्हणाला. माझ्या मरणापेक्षा स्वतःचे गुण गेल्याचं दुःख त्याला मोठं होतं. नापास होणाऱ्या पोरांचं काळीज हळवं असतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा भिडू उशिरा आला, म्हणून गेमनं त्याच्या जागी कुठला तरी अनोळखी माणूस आमच्यात घातला. याला रॅण्डम म्हणतात. हा रॅण्डम हुबळीकडचा निघाला, आणि तोंडात सगळं कन्नड. माझं कन्नड बस कंडक्टर आणि तलाठी कचेरीपुरतं. पण तो "लेय, हिंद नोडले!" असं किंचाळला तेव्हा मी झटकन मागं बघितलं, आणि मागं खरंच एकजण बंदूक रोखून उभा होता. शत्रूनं मला पाडलं. मी रांगायला लागलो. पुतण्याला हाक मारली. तो कुणाच्या तरी पेटीत वाकून गोळ्या मोजत होता. आणि हा हुबळीचा गडी, ज्याचं तोंड मी कधी बघितलं नाही आणि बघणारही नाही, समोरून गोळ्यांचा पाऊस पडत असताना धावत आला, माझ्या शेजारी बसला, म्हणाला, "अण्णा, सुम्न कुंद्री!" मी गुमान बसलो. त्यानं मला उठवलं, स्वतःच्या जवळची मलमपट्टी दिली आणि परत लढायला गेला.

सीमाभागाच्या दृष्टीनं ही घटना फार अडचणीची आहे. मराठी पुतण्यानं बॉम्ब टाकावा आणि कन्नड परक्यानं जीव वाचवावा, हे मी कट्ट्यावर कुठल्या तोंडानं सांगू? बायको म्हणाली, "दोन्हीतलं काहीच सांगू नका. पहिल्यानं घराण्याची अब्रू जाते आणि दुसऱ्यानं गावाची."

पण सोप्यात विषय निघालाच. आपल्याच माणसाला मारणाऱ्याला गेमनं शिक्षा करावी की नाही? पुतण्याचं म्हणणं, अजिबात नको. "आपापसातलं आपण बघून घेऊ. कंपनीला काय करायचंय?" दुसरा भिडू रताळी-बटाट्याच्या अडत्याचा मुलगा. त्याला शिक्षेचं काही नव्हतं, फक्त दर ठरलेला असावा असं त्याचं मत होतं. तिसरा बेळगावला वकिलीच्या कॉलेजात जातो. त्यानं घसा साफ केला. त्याचं अजून एक दुःख आहे. खुनाचं ३०२ कलम त्याला कसंबसं पाठ झालं आणि जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात तेच १०३ झालं. तेव्हापासून तो कलमाचा आकडा सांगत नाही, नुसते दाखले देतो.

त्यानं पहिला दाखला काउंटर-स्ट्राइकचा दिला. तिथं आपल्या माणसाला गोळी लागते, आणि तो मेला की मारणाऱ्याच्या खात्यातून ३०० डॉलर कापतात. खोटे डॉलर, पण त्यातूनच पुढची बंदूक घ्यायची असते. तीनदा असं केलं की हाकलून देतात. अडत्याचा मुलगा खूश झाला. शत्रू मारल्यावर किती मिळतात असं त्यानं विचारलं. बहुतेक बंदुकांना ३००. "म्हणजे एक आपला आणि एक परका मारला की फिट्टंफाट!" पोरगा व्यवसायात पुढं जाणार यात शंका नाही.

दुसरा दाखला अमेरिकेच्या लष्कराचा. २००२ साली त्यांनी पोरांना भरतीची गोडी लागावी म्हणून स्वतःच एक गेम काढून फुकट वाटली, अमेरिकाज आर्मी नावाची. तिच्यात आपल्याच सैनिकांवर गोळ्या झाडणारा खेळाडू थेट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगाच्या कोठडीत जाऊन पडायचा. पडद्यावर चार भिंती आणि तो. हे मात्र आमच्या पोरांना एकदम पटलं, कारण हिंडलग्याचा मोठा तुरुंग आमच्याच पट्ट्यात आहे आणि त्याच्या भिंतीवरून एसटी गेली की आया पोरांना तो बोट करून दाखवतात. पुतण्यानं विचारलं, "आत वायफाय असतंय काय?"

तिसरा दाखला रेनबो सिक्स सीज नावाच्या गेमचा. २०१९ साली त्यांनी नवा नियम केला. एकदा आपल्या माणसाला मारलं की पुढच्या खेपेला तुम्ही आपल्या माणसावर झाडलेली गोळी तुम्हालाच लागते. समोरच्याला काही नाही, जीव तुमचा जातो. आतून बायको म्हणाली, "हे चांगलं आहे. हे घरात पण करा."

पण मला आवडला तो चौथा. बॅटलफील्ड २, साल २००५. तिथं शिक्षा गेम करत नसे. मेलेल्या माणसाच्या पडद्यावर प्रश्न यायचा, अमक्यानं तुम्हाला मारलं, शिक्षा द्यायची की माफ करायचं? दोन बटणं. मेलेल्यानं ठरवायचं. मी म्हटलं, हे खरं. यंत्राला काय दिसतं? बॉम्ब पडला, माणूस मेला, एवढंच. भिंतीआड बसून वाट बघणारा पुतण्या यंत्राला दिसत नाही, तो मला दिसतो. आणि खरोखर कुणाचं बोट लागलं असेल तर तेही ज्याचा जीव गेला त्यालाच कळतं. त्यानं माफ केलं तर गुण कापायचं कंपनीला कारण काय?

"पण काका," वकील म्हणाला, "त्या गेममध्ये लोक मुद्दाम दुसऱ्यानं पेरलेल्या सुरुंगावर जाऊन मरायचे आणि मग शिक्षेचं बटण दाबायचे."

यावर कुणी काही बोललं नाही. बेळगुंदीत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुठला ना कुठला बांध उभा राहिला असणार. शेजाऱ्याची म्हैस आपल्या रानात यावी म्हणून स्वतःच कुंपणाची काटेरी फांदी बाजूला करून ठेवणारी माणसं आमच्याकडे आहेत. म्हैस आली की पंचनामा. बॅटलफील्ड काढणाऱ्या स्वीडनच्या माणसांना हे सगळं बेळगाव तालुक्यात न येता सुचलं, याचं मला कौतुक वाटतं. माफीच्या बटणाचाही आमच्याकडे घोळच होईल हे मला कळत होतं. तिथं ठरवायला काही सेकंद मिळतात. आमच्याकडे माणसं आजोबानं केलेल्या गुन्ह्याचं बटण नातवावर दाबतात.

इतका वेळ दारातल्या खुर्चीवर बसून मिल्ट्री आज्जा ऐकत होते. मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बेळगावला त्या रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे आमच्या भागात गल्लीला एक तरी मिल्ट्री आज्जा असतोच, पण हे जरा जास्तच मिल्ट्रीवाले. त्यांनी पुतण्याच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून बघितलं. पडद्यावर अडत्याचा मुलगा समोर नाचत होता आणि पुतण्या त्याच्या पाठीतून आरपार गोळ्या घालत पलीकडच्या शत्रूला टिपत होता.

"ह्ये काय चाललंय गा?"

"आपल्याला लागत नाही आज्जा."

"लागत नाही?" आज्जांचा आवाज चढला. "म्हणून ह्यो बंदुकीच्या पुढ्यात नाचायलाय? आणि तू त्याच्या पाठीत घालायलास? लागत नाही म्हटल्यावर कोण कशाला बघून झाडतंय?"

मग त्यांनी सांगितलं. फायरिंग रेंजवर लाल झेंडा चढल्याशिवाय गोळी सुटत नाही. फायरिंग झालं की प्रत्येकाची बंदूक उघडून, रिकामी आहे हे बघून मगच पुढचा हुकूम. झाडलेल्या गोळ्यांची रिकामी खोकी मोजून परत द्यायची, एक कमी भरलं तर सगळी कंपनी गवतात ओणवी. शत्रूसाठी यातलं काही नाही. सगळं आपल्या माणसासाठी. "शत्रूला मारायला काय शिकायचं असतंय? शिकायचं ते आपल्याला न मारायला."

आणि मग त्यांनी कंपनीच्या लांगरीची, म्हणजे स्वयंपाक्याची, गोष्ट काढली. कुठल्याशा डोंगरावर, अमावास्येला, आज्जा पहाऱ्यावर. तेव्हा ते आज्जा नव्हते. झुडपात पावलं वाजली. त्यांनी बंदूक रोखून दरडावलं, "थम! कौन आता है?" उत्तरात परवलीचा शब्द यायला हवा. आला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. बोट घोड्यावर गेलं. आणि तेवढ्यात अंधारातून शिव्या सुरू झाल्या. चहाची किटली घेऊन येणारा लांगरी, परवलीचा शब्द विसरलेला, गरम चहा पायावर सांडलेला. "त्या शिव्या ऐकलो आणि बंदूक खाली केलो," आज्जा म्हणाले. "असल्या शिव्या बेळगाव सोडून कुठंच देत न्हाईत."

वकिलानं लगेच पुरवणी जोडली. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल जॅक्सन अंधारात टेहळणी करून परत येत होता, तेव्हा त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी शत्रू समजून त्याला गोळ्या घातल्या. हात कापावा लागला, आठ दिवसांनी तो गेला. आज्जांनी थोडा विचार केला. "त्याला शिव्या येत नसतील," म्हणाले.

मला माझं मत सापडलं ते आज्जांच्या त्या चिडण्यात. गेमवाल्यांनी पोरांची भांडणं टाळायला गोळी बोथट केली, तिथंच घोटाळा झाला. शिक्षा नंतरची गोष्ट. ज्या गोळीनं आपला माणूस मरू शकतो ती गोळी झाडताना पोरगं क्षणभर थांबतं, बघतं, ओरडून विचारतं. ते थांबणं गेलं की चौघांचं स्क्वॉड राहत नाही, एकाच रिंगणातले चार सुटे गडी राहतात. म्हणून गोळी लागू दे. लागली तर गुण जाऊ देत. आणि माफीचं बटण मेलेल्याकडे असू दे, घोळ झाला तरी चालेल.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा वकिलानं एवढंच विचारलं, "मग खानापूरचं काय काका?"

हा त्याचा शेवटचा दाखला होता आणि तो काढायला नको होता. २०१८ ची विधानसभा. आमच्या शेजारच्या खानापुरात महाराष्ट्र एकीकरण समितीचा विद्यमान आमदार होता. त्या निवडणुकीत समितीत दोन गट पडले आणि दोन्ही गटांनी आपापला उमेदवार उभा केला. तीच समिती, तोच भगवा, सीमाप्रश्नाची तीच घोषणा. निकाल लागला तेव्हा दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त भरली, आणि दोघेही पडले. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला एकही उरला नाही. गेममध्ये निदान कोपऱ्यात लिहून येतं, कुणी कुणाला फिनिश केलं. इथं आजही या गटाला विचारा, तो सांगेल की बॉम्ब त्या गटानं टाकला. त्या गटाला विचारा, तर बोट लागलं.

"गोळी लागत होती की तिथं," वकील म्हणाला. "लागते हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कोण थांबलं?"

मला उत्तर सुचलं नाही. आज्जा काळ्या दिनाच्या फेरीत दर १ नोव्हेंबरला चालणारे, ते भिंतीकडे बघत बसले. बोलला तो पुतण्या. "शिक्षा झाली की त्यांना. लोकांनी केली." मग म्हणाला, "२०२३ ला एकी करून उभे राहिले, तरी एकपण आला नाही बघा. मेरिट असंच असतंय काका. उतरायला एक बॉम्ब पुरतोय. चढायला किती मॅच खेळाव्या लागतात ते मी सांगतो तुम्हाला." या विषयावर त्याच्याइतका अनुभव त्या सोप्यात कुणालाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकून घेतलं.

शेवटी आम्ही घरापुरता कायदा केला. जो आपल्या माणसाला मारेल त्यानं मेलेल्याला पाव किलो कुंदा आणून द्यायचा. बेळगावात जाऊन, स्वतःच्या पैशानं. माफी हवी असेल तर अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात बॉम्ब एकदम कमी झाले. दुसऱ्या आठवड्यात वकिलाच्या लक्षात आलं की कुणी बॉम्बची पिन काढली की काका नेमके तिकडंच पळत सुटतात. मी म्हटलं, म्हातारा माणूस, गोंधळ होतो. बायकोनं माझा साखरेचा रिपोर्ट सोप्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि कायदा दुरुस्त झाला. आता कुंद्याऐवजी दंडात शेंगदाणे.

परवा तिसरा भिडू परीक्षेला गेला आणि आज्जांनी फोन हातात घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. विमानातून उडी मारायला त्यांनी नकार दिला, पॅराशूटचं ट्रेनिंग आपल्याला नाही म्हणून. गेमनं त्यांना ढकललं. खाली आल्यावर ते एका भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हलेनात. पोरं ओरडत होती, आज्जा, झोन येतोय, आज्जा, पळा. आज्जा पहाऱ्यावर होते. समोरच्या झुडपातून एक आकृती आली. पोरं म्हणाली, मारा, मारा, शत्रू आहे. आज्जांनी बंदूक रोखली आणि फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन गल्ली दणाणेल असे ओरडले, "थम! कौन आता है?"

माईक सगळ्यांना ऐकू जाईल असा लावलेला होता. ती आकृती जागच्या जागी थांबली. गेममध्ये असं थांबलेलं मी कुणाला बघितलं नाही. मग तिकडून एका कोवळ्या पोराचा, अतिशय अदबीचा आवाज आला, "अंकल, आप आर्मी से हो क्या?"

"हां. परवली बोल!"

दोन क्षण गेले. त्या पोरानं "सॉरी अंकल" म्हटलं आणि गोळ्या घातल्या.

आज्जा फिनिश झाले. पोरं हळहळली. आज्जांनी चष्मा काढला, पुसला, फोन पुतण्याच्या हातात दिला आणि विचारलं, "दुश्मनच होता न्हवं तो? आपल्यातला कोण नव्हता?"

"दुश्मनच होता, आज्जा."

"मग काय तक्रार न्हाई," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. आमच्या स्क्वॉडमध्ये परक्याच्या हातून असं रीतसर मेलेला माणूस पोरांनी पहिल्यांदाच बघितला होता. पुतण्या आत गेला आणि न सांगता आज्जांसाठी चहा घेऊन आला.